धक्का सोसणाऱ्या शरीराची गोष्ट

शॉक हा शब्द आता मराठीच झाला आहे. उघड्या वायरला हात लागला की शॉक बसतो, जवळचे माणूस अचानक गेले की घरच्यांना शॉक बसतो, बाजार कोसळला की अर्थव्यवस्थेला शॉक बसतो. अतिदक्षता विभागाबाहेर डॉक्टर जेव्हा सांगतात की पेशंट शॉकमध्ये गेला आहे, तेव्हा पुष्कळ नातेवाइकांची समजूत होते, की त्याच्या मनाने धसका घेतला. डॉक्टरांना मात्र वेगळेच सांगायचे असते. शरीरातील पेशींपर्यंत पुरेसे रक्त आणि प्राणवायू पोहोचत नाही, ही ती अवस्था. कारण रक्तस्राव असेल, जुलाब-उलट्यांनी गेलेले पाणी असेल, हृदयविकाराचा झटका असेल, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग असेल किंवा एखाद्या औषधाची तीव्र अ‍ॅलर्जी असेल. परिणाम एकच, पेशींची उपासमार.

जखमेचा धक्का, भीतीचा धक्का आणि समाजाला बसणारा धक्का या तिन्हींचा एका सूत्रात विचार करणारा एक शास्त्रज्ञ विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात होऊन गेला. त्यांचे नाव वॉल्टर ब्रॅडफर्ड कॅनन. संकटसमयी शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होते, हे आज शाळकरी मुलांनाही ठाऊक असलेले सूत्र त्यांचे. होमिओस्टॅसिस, म्हणजे शरीराची समस्थिती, हा शब्दही त्यांचाच.

रेल्वे कचेरीतून हार्वर्डला

कॅनन यांचा जन्म 19 ऑक्टोबर 1871 रोजी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, मिसिसिपी नदीकाठच्या प्रेअरी दु शीन या गावी झाला. वडील रेल्वेत नोकरीला, आई पूर्वी शिक्षिका. वॉल्टर दहा वर्षांचा असताना न्यूमोनियाने आई गेली. मुलाचे अभ्यासात लक्ष नाही असे वाटून वडिलांनी चौदाव्या वर्षी त्याला शाळेतून काढले आणि रेल्वेच्या कचेरीत कामाला लावले. दोनेक वर्षांनी तो शाळेत परतला तो शिकण्याची भूक घेऊनच. एका शिक्षिकेने त्याला हार्वर्ड विद्यापीठाकडे वळवले. 1892 मध्ये शिष्यवृत्तीच्या आधारावर तो तिथे दाखल झाला आणि 1896 मध्ये पदवी घेऊन हार्वर्डच्याच वैद्यकीय महाविद्यालयात गेला.

क्ष-किरणांचा शोध लागून तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. मोडलेली हाडे आणि शरीरात रुतलेल्या गोळ्या पाहण्यासाठी जगभरचे डॉक्टर ते वापरू लागले होते. शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक हेन्री बाउडिच यांनी पहिल्या वर्षाच्या या विद्यार्थ्याला निराळेच काम दिले. अन्न गिळताना घशात आणि अन्ननलिकेत काय घडते, ते या किरणांनी पाहायचे. डिसेंबर 1896 मध्ये कॅनन आणि त्यांचे सहाध्यायी अल्बर्ट मोझर यांनी एका कुत्र्याला बटण गिळायला लावले आणि त्याची सावली अन्ननलिकेतून खाली सरकताना पाहिली. पुढे त्यांनी अन्नात बिस्मथचे क्षार मिसळले. हे क्षार क्ष-किरण अडवतात, त्यामुळे जठराची हालचाल पडद्यावर स्पष्ट दिसू लागली. बिस्मथची जागा नंतर बेरियमने घेतली. आजही पोटाच्या तपासणीसाठी बेरियम पाजले जाते, त्याचे मूळ या प्रयोगांत आहे.

मांजरांवरील प्रयोगांत मात्र एक अडचण वारंवार येई. जठराच्या लाटा छान लयीत चाललेल्या असताना मधेच थांबत. पुष्कळांनी याकडे प्रयोग बिघडला म्हणून दुर्लक्ष केले असते. कॅनन यांनी नोंद ठेवली, की मांजर चिडले किंवा घाबरले की जठर थांबते आणि त्याला कुरवाळून शांत केले की पुन्हा चालू होते. भीती ही केवळ मनात घडणारी गोष्ट नाही, ती पोटात दिसते, याचा हा डोळ्यांनी पाहिलेला पुरावा होता. त्यांच्या पुढच्या चार दशकांच्या कामाची दिशा इथे ठरली.

भीतीचे रसायन

1906 मध्ये, वयाच्या पस्तिशीच्या आत, कॅनन बाउडिच यांच्या जागी प्राध्यापक झाले आणि 1942 पर्यंत त्या पदावर राहिले. 1911 मध्ये त्यांनी डॅनियल दे ला पाझ या सहकाऱ्यासह एक साधा पण कल्पक प्रयोग केला. शांत बसलेल्या मांजराचे रक्त घेतले. मग त्याच्यासमोर कुत्रा भुंकू दिला आणि पुन्हा रक्त घेतले. दोन्ही नमुने आतड्याच्या स्नायूच्या एका पट्टीवर तपासले. शांत मांजराच्या रक्तात पट्टी आकुंचन पावत राहिली, घाबरलेल्या मांजराच्या रक्तात ती सैल पडली. मूत्रपिंडांच्या वर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींतून भीतीच्या क्षणी एक द्रव्य रक्तात उतरते, असा त्यांनी निष्कर्ष काढला. हेच अ‍ॅड्रिनॅलिन.

त्यानंतरच्या प्रयोगांतून एक सुसंगत चित्र उभे राहिले. संकट दिसताच हृदय वेगाने धडधडते, पोटाकडचे रक्त स्नायूंकडे वळते, यकृत साखर सोडते, रक्त लवकर गोठू लागते. प्राण्याला लढायचे असो की पळायचे, दोन्हींसाठी हीच तयारी लागते आणि जखम झालीच तर रक्त लवकर थांबते. 1913 च्या हंगामातील अखेरच्या, सर्वांत चुरशीच्या फुटबॉल सामन्यानंतर हार्वर्डच्या 25 खेळाडूंची लघवी तपासण्यात आली. त्यांपैकी 12 जणांच्या लघवीत साखर सापडली. त्या 12 जणांत 5 राखीव खेळाडू होते, जे मैदानात उतरलेच नव्हते. पळणे-झगडणे घडले नाही तरी नुसत्या उत्कंठेने शरीर इंधन ओतत होते. 1915 मध्ये हे सारे त्यांनी वेदना, भूक, भीती आणि संताप यांवरील ग्रंथात मांडले.

आघाडीवरचे दोन शॉक

ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा युरोपात पहिले महायुद्ध पेटलेले होते. शॉक या शब्दाचे दोन अर्थ तिथे शेजारी शेजारी नांदत होते. तोफगोळ्यांच्या माऱ्यातून जिवंत आलेले, अंगावर फारशी जखम नसलेले सैनिक थरथर कापत, मुके होत, चालू शकत नसत. 1915 मध्ये चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकात अशा रुग्णांचे वर्णन करताना शेल शॉक हा शब्द वापरला आणि तो रूढ झाला. दुसरा शॉक जखमींचा. पायाचे हाड मोडलेला किंवा मांडी फाटलेला सैनिक शुद्धीवर असे, बोलतही असे, पण चेहरा पांढराफटक, अंग थंड आणि घामेजलेले, नाडी धाग्यासारखी बारीक. काही तासांत तो मरून जाई. हे का होते, यावर डॉक्टरांत एकमत नव्हते.

1917 मध्ये अमेरिका युद्धात उतरली, तेव्हा पंचेचाळीस वर्षांचे कॅनन हार्वर्डच्या लष्करी रुग्णालयाच्या पथकासह फ्रान्सला गेले. आयुष्य प्रयोगशाळेत गेलेल्या या प्राध्यापकाने आघाडीच्या अगदी जवळ, बेथ्यून येथील ब्रिटिश उपचार केंद्रात काम मागून घेतले. तिथे खंदकातून थेट आणलेले जखमी येत. ते तहानलेले, ओले आणि गारठलेले असत. कॅनन यांनी त्यांचा रक्तदाब मोजला, शल्यचिकित्सक जॉन फ्रेझर यांच्यासह रक्ताची रासायनिक तपासणी केली. रक्तदाब जितका खाली, तितके रक्त आम्लाकडे झुकलेले, असे आढळले. आम्लता हेच शॉकचे कारण असावे, असे त्यांना वाटले आणि त्यांनी रुग्णांना सोड्याचे द्रावण शिरेतून दिले. पुढे लंडनमध्ये विल्यम बेलिस यांच्याबरोबर काम करताना चिरडलेल्या स्नायूंतून एखादे विष रक्तात उतरत असावे, असा विचार त्यांनी मांडला.

दोन्ही अंदाज टिकले नाहीत. 1930 मध्ये अल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी दाखवून दिले, की जखमी अवयवात इतके रक्त आणि द्रव साचून राहतात, की शॉकसाठी गूढ विषाची गरजच उरत नाही. आम्लता हा परिणाम होता, मूळ कारण नव्हे. पेशींना प्राणवायू कमी पडला की त्या आम्ल तयार करतात. कॅनन यांची मोजमापे बरोबर होती, त्यांचा अर्थ मात्र उलटा लागला होता.

तरीही आघाडीवरची त्यांची व्यावहारिक शिकवण आजही उभी आहे. जखमीला ऊब द्या. मोडलेले हाड फळीने स्थिर करून मगच हलवा. रक्तस्राव आधी थांबवा. 1918 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी आणखी एक इशारा दिला. आतला रक्तस्राव शस्त्रक्रियेने थांबवण्याआधी सलाइन देऊन रक्तदाब चढवला, तर तयार झालेली गुठळी सुटते आणि उरलेसुरले रक्तही वाहून जाते. हा इशारा पुढे बराच काळ मागे पडला. 1994 मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन येथे, धडावर गोळी किंवा चाकूची जखम झालेल्या रुग्णांचा अभ्यास झाला. शस्त्रक्रियागृहात पोहोचेपर्यंत सलाइन रोखून ठेवलेल्या रुग्णांपैकी अधिक जण वाचले. तेव्हापासून अशा रुग्णांत रक्तदाब गरजेपुरताच राखण्याच्या पद्धतीला बळ मिळाले.

शरीराचा तोल

युद्धावरून परतल्यावर कॅनन यांच्या मनात प्रश्न उलटा फिरला. माणसे शॉकने का मरतात, याऐवजी एरवी ती मरत का नाहीत? ऊन, थंडी, उपास, जखम असे धक्के शरीर रोज खाते. तरी रक्तातील साखर, मीठ, पाणी, आम्लता आणि तापमान ठरलेल्या मर्यादेत राहते. या सतत सावरत राहण्याला त्यांनी 1926 मध्ये होमिओस्टॅसिस हे नाव दिले.

त्यांचा सर्वांत बोलका प्रयोग याच काळातला. शरीर सावरण्याची यंत्रणा ज्या सिम्पथेटिक मज्जातंतूंच्या साखळीवर चालते, ती साखळी त्यांनी शस्त्रक्रियेने काही मांजरांमधून पूर्ण काढून टाकली. मांजरे मेली नाहीत. प्रयोगशाळेच्या उबेत, वेळेवर मिळणाऱ्या अन्नावर ती मजेत जगली. पाहणाऱ्याला काही फरक दिसला नसता. मग त्यांना थंडीत ठेवले, तेव्हा त्यांचे केस उभे राहिले नाहीत आणि शरीराचे तापमान घसरले. कुत्रा भुंकला, तेव्हा रक्तातील साखर वाढली नाही. सावरण्याची यंत्रणा आहे की नाही, हे सुखाच्या दिवसांत कळतच नाही. धक्का बसला की कळते.

रुग्णालयात शॉक ओळखण्यासाठी नेमके हेच सूत्र उपयोगी पडते. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते. त्याच्या पंधरा टक्क्यांपर्यंत रक्त गेले, तरी बाहेरून फारसे काही दिसत नाही. त्याहून जास्त गेले की नाडी वेगाने चालते, हातपाय थंड पडतात, लघवी कमी होते, माणूस अस्वस्थ होतो. त्वचा आणि आतड्यांकडचे रक्त कमी करून शरीर ते हृदय आणि मेंदूकडे वळवत असते. त्यामुळे रक्तदाब अजून ठीक दिसतो. तो कोसळतो साधारण तीस टक्के रक्त गेल्यावर, म्हणजे सावरण्याची ताकद संपत आल्यावर. अपघातानंतर किंवा डेंग्यूचा ताप उतरल्यावर बीपी नॉर्मल आहे एवढ्यावर निर्धास्त होणे म्हणूनच धोक्याचे. गार पडलेले हात, वाढलेली नाडी आणि कमी झालेली लघवी आधी बोलतात, रक्तदाब शेवटी बोलतो.

समाजाचे रक्ताभिसरण

1932 मध्ये कॅनन यांनी सर्वसामान्य वाचकांसाठी शरीराच्या शहाणपणावर पुस्तक लिहिले. शेवटच्या प्रकरणात ते प्रयोगशाळेबाहेर पडले. 1929 मध्ये शेअर बाजार कोसळला होता, बँका बुडत होत्या. 1933 पर्यंत अमेरिकेतील जवळपास चौथा हिस्सा कामगार बेकार होणार होते. धान्य पिकत होते, कारखाने जागेवर होते, कष्ट करणारे हात रिकामे होते, तरी माणसे उपाशी होती. कॅनन यांना हे चित्र ओळखीचे वाटले. शॉकमधल्या रुग्णाचे अवयवही बहुधा सुरुवातीला शाबूत असतात. बिघडलेले असते ते पोहोचवण्याचे काम.

त्यांची मांडणी साधी होती. एकपेशीय जीव ओढ्याच्या पाण्यावर जगतो. ओढा आटला की तो मेला. शरीरातील पेशींभोवती मात्र रक्त आणि ऊतिद्रव यांचा स्थिर प्रवाह असतो. समाजात हेच काम नद्या, रस्ते, रेल्वे, बाजार आणि पैसा करतात. शरीर सुकाळात साठवते आणि दुष्काळात वापरते. जास्तीची साखर आणि पाणी ते सरळ टाकूनही देते, म्हणजे काटकसरीपेक्षा स्थैर्याला अधिक मान देते. उपासमारीत ते कमी महत्त्वाच्या ऊती झिजवते, मेंदू आणि हृदयाला शेवटपर्यंत जपते. समाजाकडे अशी यंत्रणा अजून अर्धवट आहे, असे त्यांचे म्हणणे. बेकारी, आजारपण आणि म्हातारपण यांचा धक्का एकट्या माणसावर सोडून देण्याऐवजी त्यासाठी आधीच तरतूद हवी. पोटाची चिंता मिटलेला माणूसच मोकळेपणाने नवे काही करू शकतो. आपला हा दाखला ढोबळ आहे याची त्यांना जाणीव होती. पेशीला मत नसते, नागरिकाला असते. त्यामुळे समाजाचा तोल ग्रंथी राखणार नाहीत, माणसांनाच ठरवून राखावा लागेल.

हा विचार त्यांनी पुस्तकापुरता ठेवला नाही. 1935 मध्ये त्यांनी बीजिंगच्या वैद्यकीय महाविद्यालयात काही महिने शिकवले. जपानने चीनवर आक्रमण केल्यावर चीनला वैद्यकीय मदत पाठवण्याच्या कामात ते पुढे होते. स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले, तेव्हा तिथल्या प्रजासत्ताक सरकारचे पंतप्रधान झालेले हुआन नेग्रिन हे शरीरक्रियाशास्त्रज्ञच होते आणि कॅनन यांचे स्नेही. त्या बाजूच्या जखमींसाठी औषधे आणि डॉक्टर पाठवणाऱ्या अमेरिकी संघटनेचे अध्यक्षपद कॅनन यांनी घेतले. त्यावरून त्यांना कम्युनिस्टधार्जिणे ठरवणारी टीका झाली. आयुष्यभर जपलेली प्रतिष्ठा त्यात पणाला लागली, पण त्यांनी काम सोडले नाही.

वाळीत टाकलेल्याचे मरण

1942 मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, कॅनन यांनी मानववंशशास्त्राच्या नियतकालिकात एक चमत्कारिक वाटणारा लेख लिहिला. ऑस्ट्रेलिया, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतील जमातींत मांत्रिकाने शाप दिलेली किंवा निषिद्ध गोष्ट घडलेली धडधाकट माणसे थोड्या दिवसांत मरतात, अशा नोंदी प्रवासी आणि डॉक्टरांनी केल्या होत्या. कॅनन यांनी त्यांची खिल्ली उडवली नाही, की जादूही मानली नाही. त्यांनी पाहिले, की शापित माणसाच्या भोवतालचा समाज आधी मागे सरतो. नातलग बोलणे तोडतात, तो मेलाच आहे असे धरून वागतात. माणूस खाणेपिणे सोडतो. प्रचंड भीती आणि पळायला वाट नाही. न लढता येणाऱ्या, न पळता येणाऱ्या संकटासाठी शरीर दिवसरात्र अ‍ॅड्रिनॅलिन ओतत राहते आणि शेवटी रक्तदाब जखमी सैनिकासारखाच कोसळत असावा, असा त्यांचा कयास होता. स्पेनच्या युद्धात मोठी जखम नसताना पराकोटीच्या भीतीने दगावलेल्या रुग्णांच्या नोंदींचाही त्यांनी आधार घेतला.

नेमकी प्रक्रिया आजही पूर्ण उलगडलेली नाही. 1957 मध्ये कर्ट रिश्टर यांनी उंदरांवरील प्रयोगांतून उलट बाजू मांडली. सुटकेची आशा संपलेल्या प्राण्याचे हृदय धावत नाही, मंदावत जाऊन थांबते. 1990 मध्ये जपानी डॉक्टरांनी ताकोत्सुबो नावाच्या हृदयविकाराचे वर्णन केले. यात तीव्र दुःख किंवा भीतीनंतर, रक्तवाहिनीत अडथळा नसतानाही, हृदयाचा डावा कप्पा फुग्यासारखा फुगतो. ऑक्टोपस पकडण्याच्या मडक्यासारखा तो दिसतो, म्हणून हे नाव. 2004 मध्ये जपानच्या निइगाता भागात भूकंप झाल्यावर असे रुग्ण एकाएकी वाढले. जमीन हादरल्याचा धक्का हृदयापर्यंत कसा जातो, याचे हे उदाहरण कॅनन यांना नक्कीच आवडले असते. त्यांच्या लेखातील सामाजिक निरीक्षण तर आपल्याला नवे नाही. माणसाला वाळीत टाकणे ही शिक्षा किती जीवघेणी असते, हे गावगाड्यात राहिलेल्या कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. त्याच निरीक्षणाची दुसरी बाजूही तेवढीच खरी. पूर, भूकंप, अपघात किंवा घरातील मृत्यू यांनंतर माणसाला एकटे न सोडणे हा उपचाराचाच भाग आहे.

अखेरचा हिशेब

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने शॉक आणि रक्तसंक्रमणावर समिती नेमली, तेव्हा अध्यक्षपद कॅनन यांच्याकडे आले. आता सोड्याचे द्रावण नव्हते आणि विषाचा शोधही नव्हता. भर होता रक्त आणि प्लाझ्मा गोळा करून, साठवून आघाडीवर पोहोचवण्यावर. एका माणसाचा साठा संपला तर हजारो अनोळखी माणसांनी आधीच दिलेला साठा त्याला मिळावा, ही रक्तपेढीची कल्पना त्यांच्या शरीर आणि समाजाविषयीच्या विचाराच्या अगदी जवळची होती.

त्यांचे स्वतःचे शरीर मात्र एका जुन्या धक्क्याची किंमत मोजत होते. विद्यार्थीदशेत क्ष-किरणांचे धोके कोणालाच नीट माहीत नव्हते. तासन्‌तास पडद्यासमोर काढलेल्या त्या दिवसांनी त्यांच्या त्वचेला इजा केली. ती वर्षानुवर्षे त्रास देत राहिली आणि पुढे तिने कर्करोगाचे रूप घेतले. 1 ऑक्टोबर 1945 रोजी, युद्ध संपून महिनाही झाला नव्हता, तेव्हा न्यू हॅम्पशायरमध्ये त्यांचे निधन झाले.

कॅनन यांच्या कामातून सामान्य माणसाने उचलण्यासारख्या गोष्टी थोड्या आणि सोप्या आहेत. अपघातात वाहणाऱ्या जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. जखमीला आडवे ठेवा, पांघरूण घाला, मोडलेला अवयव आधार दिल्याशिवाय हलवू नका. तो बोलतो आहे म्हणून वाट पाहू नका, लगेच 108 क्रमांकाला फोन करा. जुलाब-उलट्यांत तहान, सुस्ती आणि कमी झालेली लघवी दिसताच जलसंजीवनी सुरू करा, फरक दिसला नाही तर दवाखाना गाठा. प्रकृती चांगली असेल तर वर्षातून एकदा तरी रक्तदान करा. धक्का बसेल तेव्हा साठा लगेच उभा करता येत नाही. तो आधीच असावा लागतो.